रुंद टायर बसवल्यावर पुन्हा पुन्हा घासण्याची तक्रार: रोज चालवायच्या ऑटोक्रॉस गाडीसाठी रिम आणि टायरचे माप

तक्रार बहुधा एकाच क्रमाने पुढे जाते. रोज कामावर नेली जाणारी आणि सुटीच्या दिवशी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकूंनी आखलेल्या मार्गावर कमीत कमी वेळ काढण्यासाठी, धावणारी गाडी असते. तिला अधिक पकड मिळावी म्हणून मालक रुंद रिम आणि रुंद टायर बसवतो, आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या सीटवर दोन माणसे बसली की गतिरोधकावरून उतरताना खर्र असा आवाज येतो. मग टायर एका मापाने अरुंद केला जातो. आवाज कमी होतो, पण जात नाही. त्यानंतर स्प्रिंग कडक होतात, मडगार्डाची कड मुडपली जाते, कोणी पातळ स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे बसणारी चकती, सुचवतो, कोणी काढायला सांगतो, आणि वर्षभरानंतरही टायरच्या खांद्यावर तीच चकचकीत रेघ उमटत असते. मी स्वतः या फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून माझ्या गाडीचे आकडे पुढे दिले आहेत. ते उदाहरणापुरते आहेत, आपल्या गाडीचे आकडे आपणच मोजावे लागतात.

माझे निदान आधीच सांगून टाकतो. या तक्रारीत दोष बहुतेक वेळा टायरच्या रुंदीकडे नसून रिमच्या ऑफसेटकडे, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते त्याकडे, असतो, आणि तो दोष राहतो याचे कारण आपण निवड उलट्या क्रमाने करतो: आधी टायरची रुंदी मनात धरतो, मग ती पेलणारी रिम शोधतो, आणि चाकाच्या कमानीत जागा किती आहे हा प्रश्न टायर घासल्यावर विचारतो.

आधी आवाज कुठला ते ओळखावे

घासणे हा एकच दोष नाही. चाक पूर्ण वळवून सावकाश मागे येताना आवाज येत असेल, तर टायरची पुढची बाहेरची कड बंपरमागच्या प्लास्टिक अस्तराला लागत असते, किंवा मागची आतली कड सबफ्रेमला (खालच्या सांगाड्याला) अथवा अँटी-रोल बारला (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याला) लागत असते. गतिरोधकावर आणि मागे वजन असतानाच आवाज येत असेल, तर मागच्या मडगार्डाची आत वळवलेली कड टायरवर उतरत असते. फक्त जलद स्लॅलममध्ये, म्हणजे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झटकन कलंडताना आवाज येत असेल, तर टायरची भिंत वाकून खांदा बाहेर फुगत असतो, आणि त्यात कमी हवेचा वाटा असण्याची शक्यता मोठी असते. वेगाबरोबर चढत जाणारा सलग गुणगुणाट मात्र घासण्याचा क्वचितच असतो. तो टायरच्या नक्षीचा किंवा बेअरिंगचा असतो, आणि त्यासाठी रिम बदलणे म्हणजे आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आवाजावर विसंबून राहू नये, खुणा शोधाव्यात. चारही चाके उतरवून टॉर्चच्या उजेडात मडगार्डाची आतली कड, प्लास्टिकचे अस्तर, स्ट्रटची (चाकाच्या आतल्या बाजूच्या स्प्रिंग आणि शॉकच्या उभ्या खांबाची) नळी आणि टायरच्या दोन्ही भिंती पाहाव्यात. जिथे घासते तिथे रंग उडालेला किंवा प्लास्टिक गुळगुळीत झालेले असते, आणि टायरवर त्याच उंचीवर रेघ असते. खूण सापडली नाही तर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे साधारण १० मिमी जाडीचे गोळे संशयित जागी चिकटवावेत, नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारावी आणि गोळे किती दबले ते पाहावे. गोळा ४ मिमी उरला असेल तर त्या फेरीत तिथे कमीत कमी तेवढीच मोकळी जागा राहिली होती. हे काम एका संध्याकाळचे आहे, आणि त्याने वाचणारा खर्च एका टायरच्या जोडीपेक्षा जास्त असतो.

टायरवर छापलेली रुंदी आणि खरी रुंदी

२०५/५५ आर१६ या मापात २०५ ही मिलिमीटरमधील नाममात्र रुंदी, ५५ हे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारे प्रमाण, आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. यावरून टायरचा व्यास काढता येतो: १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात ११२.७५ मिमी उंचीच्या दोन भिंती मिळवल्या की ६३१.९ मिमी. हे गणित सर्वांना ठाऊक असते. रुंदीबाबत मात्र गफलत होते, कारण भिंतीवर छापलेली २०५ ही संख्या नावापुरती असते. उत्पादकांच्या तक्त्यात याच मापाची प्रत्यक्ष रुंदी ६.५ इंचाच्या रिमवर साधारण २१४ मिमी दिलेली आढळते, तर २२५/४५ आर१७ ची रुंदी ७.५ इंचाच्या रिमवर साधारण २२५ मिमीच असते. म्हणजे नावात २० मिमीचा फरक, आणि मोजल्यावर ११ मिमीचा.

शिवाय टायर ज्या रिमवर चढतो तिच्या रुंदीप्रमाणे तो ताणला किंवा दाबला जातो. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायरची रुंदी सुमारे ५ मिमीने वाढते. म्हणून तुलना करताना टायरचे नाव आणि रिमची रुंदी नेहमी जोडीने लिहावी. आणखी एक गुंतागुंत अशी की रुंदीचा हा आकडा भिंतीच्या मधल्या, सर्वांत फुगीर भागाचा असतो, तर मडगार्डाला आधी लागतो तो वरचा खांदा. काही टायरचे खांदे गोल असतात. स्पर्धेसाठी बनवलेल्या चिकट टायरचे बहुधा चौकोनी असतात. मित्राच्या गाडीला तेच माप घासत नाही आणि आपल्या गाडीला घासते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

ऑफसेटचे गणित, एकदा नीट मांडून

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि ती हबला (चाक ज्यावर नटांनी बसते त्या भागाला) टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ईटी या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. ईटी जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत. जितका लहान, तितके बाहेर. नवे चाक बाहेर किती येईल हे काढण्यासाठी जुन्या आणि नव्या टायरच्या खऱ्या रुंदीचा निम्मा फरक घ्यावा आणि त्यात ईटीमधील घट मिळवावी. आतल्या बाजूसाठी तोच निम्मा फरक घेऊन त्यातून ईटीमधील घट वजा करावी. एवढेच गणित आहे, पण ते रिमच्या कडेऐवजी टायरच्या रुंदीवर करावे, कारण घासतो तो टायर.

माझ्या गाडीची मूळ चाके १६ इंची, ६.५ इंच रुंद, ईटी ५० आणि टायर २०५/५५ आर१६ अशी होती. मी घेतली ती चाके १७ इंची, ८ इंच रुंद, ईटी ३५, आणि टायर २२५/४५ आर१७. आठ इंचाच्या रिमवर हा टायर सुमारे २३० मिमीचा होतो. निम्मा फरक ८ मिमी, ईटीमधील घट १५ मिमी. म्हणजे चाक बाहेर आले २३ मिमी, आणि आतल्या बाजूला स्ट्रटपासून उलट ७ मिमी दूर गेले. माझ्या मागच्या डाव्या मडगार्डाखाली मूळ चाकापासून बाहेरच्या बाजूला १४ मिमी जागा होती. २३ मिमी बाहेर आलेला टायर त्या कडेच्या पलीकडे ९ मिमी उभा होता, त्यामुळे सस्पेन्शन दबले की तो मडगार्डाखाली न शिरता कडेवरच आदळत असे.

त्यानंतर मी केलेली चूक अशी, की ही आकडेमोड न करता २१५/४५ आर१७ टायर आणला. आठ इंचाच्या रिमवर त्याची रुंदी साधारण २२३ मिमी. म्हणजे बाहेरचा भाग २३ ऐवजी १९.५ मिमीवर आला. साडेतीन मिमी कमी झाले, उणीव ९ ची होती. व्यासही ६३४.३ वरून ६२५.३ मिमीवर आल्याने टायरचा माथा साडेचार मिमी खाली गेला, म्हणून आवाज लहान खड्ड्यांवर थांबला आणि मोठ्यांवर चालू राहिला. अर्धवट उपायाचा धोका हाच, की तो बरोबर दिशेने चालल्याचा भास निर्माण करतो.

शेवटी जी चाके टिकली ती १७ इंची, ७.५ इंच रुंद, ईटी ४५, आणि त्यांवर पुन्हा तोच २२५/४५ टायर. रुंदी २२५ मिमी, मूळपेक्षा निम्मा फरक ५.५ मिमी, ईटीमधील घट ५ मिमी. बाहेरच्या बाजूला १०.५ मिमी वाढ आणि आतल्या बाजूला जवळपास शून्य, नेमके सांगायचे तर अर्धा मिमी. म्हणजे ज्या रुंद टायरला मी दोष देत होतो तोच टायर अर्धा इंच अरुंद आणि दहा मिमी अधिक ईटी असलेल्या रिमवर निमूटपणे बसला.

ऑफसेट घटवण्याचा एक तोटा घासण्याशी संबंधित नाही, तरी इथे नोंदवतो. चाकाची मध्यरेषा बाहेर गेली की स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे छेदतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे स्क्रब रेडियस, तेवढ्याच मिमीने बाहेरच्या दिशेने बदलते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत त्याचा परिणाम पहिल्या गिअरमध्ये जोर लावताना आणि एका बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर हातांना लगेच कळतो. ईटी ३५ वर माझी गाडी रस्त्याच्या प्रत्येक चरीमागे ओढली जात असे, आणि मी ते कडक टायरचे लक्षण समजत होतो.

जागा मोजणे

गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ, हवा नेहमीची. मडगार्डाच्या आतल्या कडेवरून एक सरळ पट्टी उभी सोडावी आणि तिच्यापासून टायरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे. हीच बाहेरची जागा. आतल्या बाजूला स्ट्रट आणि टायर यांच्यामध्ये वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवून सर्वांत अरुंद ठिकाण शोधावे. स्ट्रटच्या बाजूला मी ५ मिमीपेक्षा कमी जागा कधी ठेवत नाही, कारण जोरात वळताना रबरी बुश, रिम आणि टायरची भिंत हे सगळे थोडे थोडे वाकते.

उभ्या गाडीवरचे माप मात्र अर्धेच उत्तर देते. खरी परीक्षा सस्पेन्शन पूर्ण दबलेले असतानाची आहे. स्प्रिंग काढून, बंप स्टॉप दबेपर्यंत चाक जॅकने वर उचलावे आणि पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. स्ट्रटवरची दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होऊ शकतो. योग्य कॉम्प्रेसर आणि सवय नसेल तर हे काम कार्यशाळेतच करून घ्यावे. ज्यांना इतके करायचे नाही त्यांनी मातीच्या गोळ्यांची चाचणी तरी मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान ठेवून करावी, कारण एकट्या चालकाने केलेली चाचणी नेहमी खोटे समाधान देते.

कँबरने जागा मिळते, पण कुठून

ऑटोक्रॉससाठी पुढच्या चाकांना ऋण कँबर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला, हवाच असतो, आणि त्याने घासणेही कमी होते असे सांगितले जाते. ते खरे आहे. साधारण ६३४ मिमी व्यासाच्या चाकात एका अंशामागे चाकाचा माथा केंद्राच्या तुलनेत सुमारे ५.५ मिमी आत झुकतो. पण तो अंश कुठून घेतला यावर पुढचे सारे अवलंबून असते. स्ट्रटच्या वरच्या टोकाला कँबर प्लेट लावून तो आत सरकवला, तर स्ट्रट आणि चाक एकत्रच झुकतात आणि त्यांच्यातील अंतर बदलत नाही. खालच्या बाजूला, स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) यांच्या जोडावर विकेंद्री बोल्ट, म्हणजे मध्य सरकवलेला बोल्ट, लावून कँबर घेतला, तर चाकाचा माथा थेट स्ट्रटकडे येतो. म्हणजे बाहेर जागा मिळाली ती आतून काढून घेतलेली असते. मोठा ईटी घेऊन चाक आत घेणाऱ्यांनी आणि त्यावर पुन्हा हे बोल्ट बसवणाऱ्यांनी टायरच्या आतल्या भिंतीवर नळीची काळी रेघ उमटली तर आश्चर्य मानू नये.

मागचा अॅक्सल टॉर्शन बीमचा (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या एकाच पिळत्या तुळईचा) असेल तर तिथे कँबर सहज बदलत नाही, आणि त्या गाडीत मागची बाहेरची जागाच सर्व निवडीची मर्यादा ठरवते. माझ्याबाबतीत तसेच झाले. कँबर बदलल्यावर टो (वरून पाहता चाकांचा आत किंवा बाहेर असलेला रोख) पुन्हा बसवून घ्यावा, नाहीतर रोजच्या मैलांत टायरची आतली कड दोन महिन्यांत झिजते आणि दोष कँबरवर येतो.

व्यास: दुसऱ्या गिअरचा प्रश्न

ऑटोक्रॉसचा बहुतेक मार्ग दुसऱ्या गिअरमध्ये पार होतो. म्हणून टायरचा व्यास म्हणजे एक प्रकारे सगळ्याच गिअरचे शेवटचे प्रमाण निवडणे आहे. मूळ ६३१.९ मिमीच्या जागी २०५/५० आर१६ म्हणजे ६११.४ मिमीचा टायर घेतला, तर व्यास ३.२ टक्क्यांनी घटतो आणि चाकावर मिळणारा जोर जवळपास तेवढाच वाढतो. गाडीही साधारण १० मिमीने खाली येते, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणायला वेगळा खर्च लागत नाही. बदल्यात दुसऱ्या गिअरची कमाल गती त्याच प्रमाणात उतरते. मूळ टायरवर ती ताशी ९६ किमी असेल तर आता ९३ च्या आसपास इंजिन मर्यादेला टेकते, आणि मार्गावर एकच सरळ टप्पा लांब असेल तर तिसरा गिअर टाकून लगेच परत यावे लागते, ज्यात मिळवलेले सगळे जाते. आपल्या मार्गांवर आपण त्या मर्यादेला किती वेळा टेकतो हे आठवून मगच व्यास ठरवावा.

रोजच्या वापरात याच व्यासामुळे वेगदर्शक थोडा जास्त दाखवतो: तो १०० दाखवत असताना खरा वेग मूळपेक्षा ३.२ टक्क्यांनी कमी असतो. हा दोष निरुपद्रवी आहे. उलट, मोठा टायर लावून वेगदर्शक कमी दाखवणे हा दंडाला निमंत्रण देणारा दोष. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायरचा व्यास आणि झीज सारखी असणे आवश्यक आहे, अन्यथा मधला डिफरन्शियल किंवा क्लच अखंड राबत राहतो. ज्या गाड्या हवेचा दाब चाकांच्या फेऱ्या मोजून ओळखतात, त्यांची ती प्रणाली टायर बदलल्यावर पुन्हा शिकवावी लागते. दिवा लागला म्हणजे पंक्चर असेलच असे नाही.

रिम किती रुंद असावी

प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीचा मान्य पल्ला असतो. २२५/४५ आर१७ साठी तो ७ ते ८.५ इंच आहे. पल्ल्याच्या खालच्या टोकाला टायरच्या भिंती आत ओढल्या जातात, वळताना टायर आधी लवंडतो आणि मग गाडी वळते; स्लॅलममध्ये हा उशीर चालकाला स्वतःची चूक वाटतो. वरच्या टोकाला प्रतिसाद ताबडतोब मिळतो, पण भिंत इतकी सरळ उभी राहते की रिमची कड उघडी पडते आणि रोज फुटपाथशेजारी गाडी लावणाऱ्याच्या रिमवर ओरखडे ठरलेलेच. माझ्या मते रोजच्या गाडीला पल्ल्याच्या मध्यापासून किंचित वर जाणे पुरेसे आहे, आणि रिम रुंद करण्याचा मोह आवरता येत नसेल तर टायर तोच ठेवून अर्धाच इंच वाढवावा. अरुंद रिमवर ओढूनताणून चढवलेल्या रुंद टायरपेक्षा योग्य रिमवरचा एक माप अरुंद टायर शंकूंमध्ये अधिक विश्वासाने वळतो. मात्र स्पर्धेचे वर्ग रिमची रुंदी, व्यास आणि ऑफसेट यांवर वेगवेगळी बंधने घालतात, आणि टायरच्या भिंतीवरील ट्रेडवेअर (झीज किती सोसेल ते सांगणाऱ्या) आकड्याचीही किमान मर्यादा, बहुधा २००, घालून देतात. तो आकडा उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे २०० लिहिलेले दोन टायर झिजण्यात आणि पकडीत सारखे असतील असे समजू नये. नियमपुस्तिका खरेदीच्या आधी वाचावी.

भार निर्देशांक, ज्याकडे मी पाहिलेच नव्हते

माझ्या मूळ टायरवर ९१ हा भार निर्देशांक होता, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. घाईत आणलेल्या २१५/४५ आर१७ वर ८७ होता, म्हणजे ५४५ किलो. घासणे थांबवण्यासाठी केलेल्या बदलात मी प्रत्येक चाकामागे ७० किलोची क्षमता घालवली होती आणि ती चूक तीन महिन्यांनी, भिंतीवर काही वेगळेच वाचताना, लक्षात आली. स्पर्धेत गाडीत एकटा चालक असतो, पण रोजच्या गाडीत कुटुंब आणि सामान असते. मूळ निर्देशांकाच्या खाली जाऊ नये. एक्सएल (जादा भाराची) छाप असलेला टायर जास्त भार उचलतो, पण त्यासाठी त्याला जास्त हवा लागते. जुन्याच दाबावर चालवून वरच्या आकड्याचा आधार घेता येत नाही.

स्पेसर, हब आणि कंप

पातळ स्पेसर हा शेवटचा उपाय मानावा. त्याने चाक बाहेर जाते, म्हणून तो केवळ आतल्या बाजूला, स्ट्रटला घासणाऱ्या चाकासाठीच उपयोगी आहे. बाहेर घासणाऱ्या गाडीला कोणी स्पेसर सुचवत असेल तर त्याने खूण पाहिलेली नाही. स्पेसरची जाडी स्टडच्या (हबमधून बाहेर आलेल्या, नट चढतो त्या दांड्याच्या) आट्यांतून वजा होते. १२ मिमी जाड आणि १.५ मिमी आट्यांच्या स्टडवर नट किमान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे ८ पूर्ण फेरे, बसला पाहिजे. कमी बसत असेल तर लांब स्टड घ्यावेत, नाहीतर स्पेसर काढावा.

नव्या रिम लावल्यावर ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग दोनदा करूनही राहते, अशी तक्रारही घासण्याच्या तक्रारीला चिकटून येते. रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर चाक मध्यावर नेमके बसत नाही. त्यासाठी योग्य मापाची कडी मिळते. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतो की नाही हे दुकानातच कळते, पण नटाची बैठक जुळते की नाही हे कळत नाही. शंकूच्या बैठकीच्या रिमवर गोल बैठकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि हळूहळू सैल होतो. मूळ नट आणि नव्या रिमची बैठक शेजारी धरून पाहावी.

हवा

स्लॅलममध्येच घासणाऱ्या गाडीत रिम बदलण्याआधी हवा तपासावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने चढतो, त्यामुळे सकाळच्या थंडाव्यात भरलेली हवा आणि चौथ्या फेरीनंतरची हवा एक नसते. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढून एक फेरी मारावी. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, खडू त्याच्या टोकापर्यंत पुसला गेला तर दाब जमला. त्याखालीही पुसला गेला असेल तर टायर भिंतीवर चालत आहे आणि घासण्याचे कारण तेच असू शकते. स्पर्धा संपल्यावर हवा पुन्हा रोजच्या दाबावर आणल्याशिवाय घरी निघू नये.

रोजचा रस्ता

भिंतीची उंची हा रोजच्या वापराचा प्रश्न आहे. मूळ टायरची भिंत ११२.७५ मिमी होती, २२५/४५ आर१७ ची १०१.२५ मिमी. साडेअकरा मिमी कमी भिंतीत खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला जाण्याची शक्यता वाढते. भिंतीवर फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, आणि तो टायर दुरुस्त होत नाही. ज्यांचा रोजचा रस्ता वाईट आहे त्यांनी १६ इंची रिमच ठेवून ७.५ इंच रुंदी आणि २२५/५० आर१६ हे माप पाहावे, व्यास ६३१.४ मिमी म्हणजे मूळच्या जवळपास तोच, आणि भिंत ११२.५ मिमी. मात्र या मापाची खरी रुंदी नावापेक्षा जास्त असते, सात इंचाच्या रिमवर सुमारे २३३ मिमी, म्हणून वरचे गणित इथेही करावेच, आणि ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत बसतो की नाही तेही पाहावे.

२०० ट्रेडवेअरचे टायर थंडीत कडक होतात आणि झिजले की साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतात. ज्यांना ते रोज चालवायचे नाहीत त्यांच्यासाठी दोन संच हा सरळ मार्ग आहे: रोजच्यासाठी मूळ चाके, स्पर्धेसाठी वेगळी. त्यात घासण्याची समस्याही अर्धी होते, कारण स्पर्धेच्या दिवशी मागच्या सीटवर कोणी नसते. चाके बदलल्यानंतर ५० ते १०० किमीवर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. टायर मडगार्डाबाहेर दिसणे अनेक देशांत नियमबाह्य आहे आणि विमा कंपनीला बदल कळवणेही आवश्यक असू शकते, हे रोजच्या गाडीच्या मालकाने विसरू नये.

मडगार्डाची कड मुडपणे

गणित जमल्यावरही माझ्या मागच्या डाव्या बाजूला १४ मधून १०.५ वजा जाऊन साडेतीन मिमीच उरत होते, आणि मातीचा गोळा पूर्ण भाराखाली एका ठिकाणी चपटा झाला. तेव्हा मात्र आतली कड वर मुडपून घेतली. रंग आधी गरम हवेने मऊ केला नाही तर तो तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो, म्हणून मुडपलेल्या घडीत गंजरोधक लेप भरून घेतला. हा उपाय काही मिमी देतो. ९ मिमीची उणीव तो भरून काढत नाही, आणि ईटी ३५ च्या चाकांवर तो करून पाहिला असता तर पत्रा खराब करून घेणे एवढेच हाती लागले असते.

उजव्या बाजूला तीच चाके, तोच टायर, तेच वजन असून गोळा ५ मिमी शिल्लक राहिला. मोजल्यावर कळले की त्या बाजूची मूळ जागाच १६.५ मिमी होती; कारखान्यातून आलेल्या गाडीच्या दोन बाजूंत एवढा फरक सहज असतो, म्हणून चारही चाकांजवळ वेगळे माप घ्यावे. उजवी कड मी अजून मुडपलेली नाही.